काम झालं, पैशाचं काय?

स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या माणसांची एक गंमत असते. दिलेली तारीख चुकू नये म्हणून ती रात्र रात्र जागतात, आणि त्याच कामाचं बिल करायला त्यांना तीन-तीन आठवडे सवड होत नाही. अनुवादकाने फाइल पाठवली, लग्नपत्रिकांचे गठ्ठे गिऱ्हाइकाच्या घरी पोचले, आचाऱ्याची भांडी टेम्पोत चढली, की मनाने काम संपलेलं असतं. बिल मग कधीतरी. पुढे दुकानाच्या भाड्याची किंवा मुलांच्या फीची तारीख येते, आणि त्या दिवशी पैशासाठी केलेल्या फोनमध्ये जी अजिजी उतरते ती समोरच्याला बरोबर ऐकू येते.

वेळ कसा वाचवावा, सकाळी किती वाजता उठावं, याचे सल्ले बाजारात पोत्याने मिळतात. त्यांना माझी हरकत नाही. पण ज्याचे चाळीस हजार चार महिने कुणाकडे पडून आहेत तो पहाटे पाचला उठला तरी त्याच चाळीस हजारांचा विचार करणार. म्हणून हे प्रकरण फक्त येण्याबद्दल आहे. कमावलेलं, पण हातात न आलेलं.

लेखकांपासून सुरुवात करू, कारण या बाबतीत सगळ्यांत गबाळे तेच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत लिहिण्या-छापण्याचा एक हंगामच रुजला. आषाढात संपादकांचे फोन सुरू होतात. ‘यंदा तुमचा लेख हवाच, विषय तुमच्या आवडीचा, ऑगस्टअखेर द्या.’ मानधनाची गोष्ट निघत नाही; संपादक काढत नाहीत आणि लेखकाला काढायची लाज वाटते. लेख जातो, प्रुफं येतात, वसुबारसेच्या आगेमागे अंक हातात पडतो. त्यानंतर सगळं सामसूम.

असं का होतं हे अंकाच्या हिशेबात डोकावलं की कळतं. कागदाचे पैसे आधी मोजावे लागतात. छपाईचे निदान निम्मे तरी आगाऊ द्यावे लागतात. बांधणी, मुखपृष्ठ, टपाल, कुरिअर, सगळ्यांचं लगोलग. येणारा पैसा मात्र सावकाश येतो. जाहिरातदार अंक पाहिल्यावर बिल मागवतो आणि ते दोन-तीन महिन्यांनी चुकतं करतो. विक्रेते उरलेले अंक परत करून हिशेबाला बसतात ते तुळशीची लग्नं आटोपल्यावर. छोट्या अंकाचे संपादक हे स्वतःच अडलेले छोटे व्यावसायिक असतात, त्यांच्यावर चिडून फार उपयोग नाही. हातात जे येईल ते ते वाटत जातात, आणि ज्याचा तगादा मोठा त्याला आधी मिळतं. प्रेसवाला पुढच्या वर्षीचा अंक अडवून ठेवू शकतो. लेखक काय अडवणार? तो रांगेच्या शेवटी असतो, आणि पुष्कळदा तो रांगेत उभा आहे हेच कुणाच्या ध्यानात नसतं.

तेव्हा विचारायचं ते आषाढातल्या फोनवरच, आणि नंतर दोन ओळींत लिहून. ‘लेख ३१ ऑगस्टला देतो, शब्द साधारण अडीच हजार. मानधन किती आणि अंक आल्यावर किती दिवसांत, तेवढं कळवा, म्हणजे नोंद करून ठेवतो.’ यातलं ‘नोंद करून ठेवतो’ कामाचं. त्यात भांडण नाही, विनवणी नाही, पण या माणसाकडे वही आहे हे समोरच्याला समजतं. एखादे संपादक म्हणतील, ‘यंदा मानधन जमणार नाही हो.’ तेही ठीक. फुकट लिहायचं तर ठरवून, खुशीने लिहावं, पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत मनात कुढत बसू नये.

हाच प्रकार धंद्यात जास्त महागात पडतो, कारण तिथे आपल्या खिशातून आधी गेलेलं असतं. समजा, डोंबिवलीत घरून फराळ करून विकणाऱ्या बाईंनी एका कंपनीची एक लाखाची ऑर्डर घेतली. बेसन, तूप, खोबरं, साखर, गॅस, डबे आणि मदतीला आलेल्या बायकांची मजुरी मिळून सत्तर हजार रोख गेले. कंपनी म्हणाली, साठ दिवसांनी पेमेंट. ते सत्तर हजार त्यांनी महिना दोन टक्क्यांनी उचललेले असतील तर दोन महिन्यांचं व्याज २,८०० रुपये. तीस हजारांच्या नफ्यात ते सोसता येईल असं वाटतं. खरी खोट वेगळीच आहे. दिवाळीआधीचे तीन आठवडे हाच त्यांचा हंगाम. ते सत्तर हजार आठ दिवसांत परत आले असते तर त्यातूनच दुसरी तेवढीच ऑर्डर घेता आली असती, आणि कदाचित तिसरीही. उधारीवरची ती एक मोठी ऑर्डर घेतल्यामुळे त्यांना सोसायटीतल्या बायकांच्या रोखीच्या पाच-पाच किलोच्या ऑर्डरी नाकाराव्या लागल्या. नफा बिलावर राहिला आणि घरात तंगी आली.

म्हणून ‘ऑर्डर केवढी’ याच्याआधी ‘पैसे केव्हा’ हे विचारायची सवय लावावी. मांडववाला, बँडवाला, आचारी बयाणा घेतल्याशिवाय तारीख धरत नाहीत, आणि त्यांना कुणी पैशाचा लोभी म्हणत नाही. लिहिणाऱ्यांनी, डिझाइन करणाऱ्यांनी, घरून धंदा करणाऱ्यांनी त्यांच्याकडून हे शिकावं. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे आधी. मोठं काम असेल तर तीन टप्पे: सुरुवातीला, पहिला खर्डा दाखवल्यावर, आणि अंतिम फाइल देण्याआधी. ‘देण्याआधी’ म्हणतो, ‘दिल्यावर’ नाही. मोठ्या कंपन्या बहुधा ॲडव्हान्स देत नाहीत. मग निदान पर्चेस ऑर्डर हातात आल्याशिवाय कामाला हात लावू नये. साहेबांचा तोंडी ‘सुरू करा तुम्ही’ अकौंट्स विभागाच्या लेखी शून्य असतो.

आता कायदा, कारण तो आपल्या बाजूला आहे आणि आपल्यातल्या अनेकांना ते ठाऊक नसतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारात मुदत ठरलेली नसेल तर फक्त १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सरकारी पोर्टलवर होते, आधार आणि पॅन लागतं आणि एक रुपयाही फी नाही. फी मागणारी साइट दिसली तर ती एजंटाची समजावी. एकट्याने अनुवाद, संपादन किंवा डिझाइन करणारी व्यक्तीसुद्धा सेवा उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटींची गुंतवणूक आणि दहा कोटींची उलाढाल अशी आहे, तेव्हा ‘आम्ही कसले उद्योग’ हा विनय इथे नको.

दोन गोष्टी मात्र पाहून घ्या. नोंदणी काम घेण्याआधीची असावी. नंतर केलेली नोंदणी आधीच्या व्यवहाराला लागू होते की नाही यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटले गेले आहेत. दुसरं, नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्यक्रमाच्या कर्जापुरती. ४५ दिवसांचा आधार त्यांना नाही. किराणा दुकानदाराने यावर विसंबू नये.

या कायद्याला खरी धार आली ती २०२३ च्या वित्त कायद्याने. त्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं देणं १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीत चुकवलं नाही, तर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्षात पैसे देईल त्या वर्षी करता येतो. म्हणजे आपलं बिल मार्च ओलांडून रखडलं की त्यांचा कर वाढतो. जे काम दहा विनंत्यांनी होत नव्हतं ते त्यांचा सीए एका फोनने करून देतो. म्हणून उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा आणि खाली एक ओळ घाला: ‘सूक्ष्म उद्योग, देय मुदत एमएसएमईडी कायदा २००६ नुसार.’ पुढची पायरी म्हणजे सरकारच्या पोर्टलवर तक्रार. ती राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तेवढ्यात निकाल लागेलच असं धरून चालू नये, आणि तक्रार केली की त्या गिऱ्हाइकाचं पुढचं काम बहुधा गेलंच. माझ्या मते या कायद्याचा नव्वद टक्के उपयोग बिलाखालच्या त्या ओळीतच आहे.

वहीबद्दल बोललो, तर ती कशी असावी तेही सांगतो. मी पाहिलेली सगळ्यांत उत्तम येणी-वही नाशिकच्या एका फ्लेक्स छापणाऱ्याची. साधी दोनशे पानी, आडव्या रेघांची. रकाने असे: तारीख, पार्टी, बिल नंबर, रक्कम, देय तारीख, आणि शेवटचा सगळ्यांत रुंद रकाना, ‘काय म्हणाले’. त्यात प्रत्येक फोनची नोंद. ‘साहेब टूरवर.’ ‘सही राहिलीय.’ ‘बिल अकौंट्सला गेलंय.’ ‘सोमवारी बघतो.’ ‘बिल सापडत नाही, परत पाठवा.’ एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपुढे तर हा रकाना भरून पुढच्या पानावर गेला होता. पण त्याचा फायदा बघा. पुढचा फोन तो असा करतो: ‘१२ तारखेला तुम्ही म्हणाला होतात की सही झाली की निघेल. झाली का सही?’ आवाज न चढवता समोरच्याची पळवाट बंद होते. माणूस आपलेच शब्द तारखेसकट ऐकले की जरा सावरून बोलतो. वही नको असेल तर मोबाइलमधली शीट चालेल, फक्त तो शेवटचा रकाना गाळू नका.

आठवड्यातून एक ठरलेला तास येण्यांना द्या. सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी फोन घेत नाही आणि शनिवारी अर्धी माणसं नसतात, म्हणून मंगळवार किंवा बुधवार, अकरानंतर. त्या तासात लिहायचं नाही, छापायचं नाही, फक्त बिलं पाठवायची आणि आठवण करायची. असा तास ठरला की एरवी येताजाता होणारी ‘अरे, त्यांचे पैसे राहिले’ ही चुटपुट बरीच कमी होते. माझ्या ओळखीच्या एक अनुवादिका बिलांसाठी वेगळा ईमेल पत्ता वापरतात आणि खाली ‘हिशेब विभाग’ लिहितात. विभागात त्या एकट्याच आहेत. पण तिथून लिहिताना त्यांना संकोच वाटत नाही, आणि साहित्यिक पत्रव्यवहार कडवट होत नाही.

आठवणीचा मजकूर कसा असावा? आपण लिहितो ते बहुतेक असं: ‘नमस्कार सर, कसे आहात? खूप दिवसांत बोलणं नाही. तुम्ही बिझी असाल याची कल्पना आहे. त्रास देतोय त्याबद्दल माफ करा, पण ते आपलं मागचं थोडं पेमेंट राहिलं होतं, जमलं तर बघाल का, घाई नाही.’ वाचणाऱ्याला यातलं शेवटचंच लक्षात राहतं, घाई नाही. त्याऐवजी: ‘नमस्कार सर. बिल क्र. २७, दि. ४ जुलै, रु. ६०,०००, देय तारीख १८ ऑगस्ट होती. बिलाची प्रत आणि बँकेचा तपशील सोबत आहे. पेमेंट कोणत्या तारखेला निघेल ते कळवावं.’ प्रश्न ‘देणार का’ असा नाही, ‘कोणत्या तारखेला’ असा आहे. माफी कसली मागायची? काम आपण केलंय.

आणि हा निरोप योग्य माणसाला जावा. ज्या संपादकांनी किंवा मॅनेजरने काम दिलं त्यांच्या हातात पैसे नसतात. पहिल्याच भेटीत विचारून घ्या: बिल कुणाच्या नावे, अकौंट्समध्ये कोण बघतं, व्हेंडर फॉर्म भरायचा का, महिन्यातून पेमेंट कोणत्या तारखांना निघतं. पुष्कळ ठिकाणी ठरावीक तारखेनंतर आलेलं बिल पुढच्या महिन्यात ढकललं जातं. दोन दिवसांच्या आळसाने तीस दिवस जातात. पॅनची प्रत आणि रद्द केलेला चेक आधीच पाठवून ठेवा.

पैसे आले की बिलाशी ताडून पाहा. साठ हजारांच्या बिलाचे चौपन्न हजारच आले तर भांडायला धावू नका. व्यावसायिक फीवर दहा टक्के टीडीएस कापला गेला असेल. २०२५-२६ पासून एका देणाऱ्याकडून वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या फीवर तो कापायचा नसतो, त्यापुढे कापतात. पॅन दिला नाही तर वीस टक्के जातात. कापलेले सहा हजार तुमचेच आहेत, पण ते तुमच्या पॅनवर जमा झाले का, हे आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीनंतर बघावं लागतं. कापून घेतलं आणि भरलंच नाही, असंही घडतं. आलेल्या रकमेतला थोडा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. वर्षाचा उरलेला कर दहा हजार किंवा जास्त असेल तर तो आगाऊ भरावा लागतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना. पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते, पण जुन्या कररचनेत, आणि शालेय पाठ्यपुस्तकं, गाइडं यांना नाही. आपल्याला कोणती रचना परवडते ते सीएला विचारा. त्याची फी ही कंजुषी करायची जागा नव्हे.

लेखकांचं आणखी एक येणं असतं, जे बिलात दिसत नाही: हक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. तोंडी दिलेला हक्क हस्तांतर होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेतलेल्याने वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो संपतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली. करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तो करार त्या माध्यमाला लागू होत नाही. ज्यांची पुस्तकं ऑडिओबुकं यायच्या आधीची आहेत त्यांनी जुने करार काढून हे कलम समोर ठेवून वाचावेत. पुष्कळांच्या कपाटात अजून न विकलेला हक्क पडून असेल. नव्या करारात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ असं दिसलं की सही करण्याआधी किंमत वाढवून मागा. ‘आमचा छापील फॉर्मच आहे’ हे उत्तर मिळेल. छापील फॉर्मवरही पेनाने खोडता येतं आणि खोडलं त्या ठिकाणी दोघांच्या सह्या घेता येतात.

नातेवाइकांचं थोडक्यात. मावसभावाच्या दुकानाचं ब्रोशर, आत्याच्या साठीची पत्रिका, यात पैसे मागणं अवघड. मागू नका, पण शून्याचं बिल द्या: मूळ किंमत ८,०००, सवलत ८,०००, देय शून्य. नातं राहतं आणि पुढच्या वेळी ते इतर चौघांना तुमची किंमत बरोबर सांगतात.

चेक वटला नाही तर दिवस मोजावे लागतात. बँकेचा निरोप आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तेही उलटले तर एका महिन्यात तक्रार. ही मुदत भिडेखातर घालवू नये. साध्या येण्यासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबूल केलं की एवढं देणं आहे, तर कबुलीच्या तारखेपासून मुदत पुन्हा नव्याने मोजतात. म्हणून वर्षाअखेरीला बाकीचा उतारा पाठवून त्यावर त्यांची सही-शिक्का घ्यायची जुन्या पेढ्यांची पद्धत आजही सोडू नये.

तरी काही पैसे बुडतातच. मार्चमध्ये एकदा वही घेऊन बसावं, ज्यांचे पैसे येण्याची आशा नाही त्यांच्या ओळीवर रेघ मारावी, सीएला बुडीत म्हणून दाखवायला सांगावं. तोच माणूस पुढे काम घेऊन आला तर काय? काहीजण दारात उभं करत नाहीत. मला ते पटत नाही. काम घ्यावं, पण सगळे पैसे आधी, आणि दर नेहमीपेक्षा थोडा चढा. जुनी बाकी त्याने आपणहून काढली तर घ्यावी. आपण काढू नये, नाहीतर तो रोखीचं कामही शेजारच्या दुकानात घेऊन जाईल.